रोमचा राजा, वळसंगकरांचं दार

गिरणीचा भोंगा होऊन गेला, चहा झाला, थेटरापुढच्या रस्त्यावर टांग्यांची ये-जा सुरू झाली, तरी रामहरी उठला नव्हता. आणि घरातलं झाडून सगळं माणूस त्याच्यासाठी सोप्यात खोळंबून बसलं होतं.

सारजाबाई भिंतीला पाठ न टेकता घोंगडीवर बसल्या होत्या. नवरा गेला, कुंडलिकराव वळसंगकरांनी उभी केलेली नाटक मंडळी आणि सात रस्त्याजवळचं पत्र्याचं थेटर थोरल्या मुलाच्या हातात आलं, तेव्हापासून त्या अशाच ताठ बसत. शेजारी खुर्चीवर त्यांचा धाकटा भाऊ हिंदुराव होता. बार्शीला त्याची धान्याची आडत. काल खेळ बघायला म्हणून आला होता आणि आज परत जाताना घरातलं एक माणूस सोबत नेणार होता.

खांबाला टेकून सिद्धनाथ उभा होता. रामहरीचा पाठचा भाऊ. त्याच्या डोळ्यांतलं काजळ अजून पुरतं निघालं नव्हतं.

"मला त्याची घरातली माफी नको," सारजाबाई म्हणाल्या. "ज्या फळीवर उभा राहून बोलला, तितंच माज्या पाया पडायचं. आजच्या खेळाला. लोकांम्होरं."

"आन् न्हाय पडला तर, अक्का?" हिंदुरावानं विचारलं.

"तर कंपनी सोडायची आन् घरबी. सिद्धनाथ बघंल सगळं."

सिद्धनाथनं मान वर केली नाही. एरवी हे शब्द ऐकायला तो किती वर्षं थांबला होता. आज त्याला त्यांची चव लागली नाही.

काल तिसऱ्या अंकात जे झालं ते त्याच्या अंगावरून अजून जात नव्हतं. कंपनीचं रोमचं नाटक सोलापुरात चांगलं चाललं होतं. रोमचा बादशहा नीरो, आईनं गादीवर बसवलेला आणि आईच्याच जिवावर उठलेला. आणि त्याची दासी आक्ती, सगळ्यांनी सोडल्यावरही त्याला न सोडणारी. बादशहा रामहरी. आक्ती शमशाद. आणि बादशहाची आई सिद्धनाथ. दहा वर्षं तो याच फळीवर भावाची नायिका होता. त्याच्या नऊवारीची नक्कल शहरातल्या बायका करत. शमशाद आली, खरी बाई, खऱ्या गळ्याची, आणि सिद्धनाथच्या वाट्याला म्हाताऱ्या राण्या आल्या. तेही त्यानं गिळलं होतं.

काल बादशहानं आईला जाब विचारायचा तो प्रवेश होता. सिद्धनाथ सिंहासनाशेजारी उभा, केसांचा टोप, अंगावर जांभळी शाल. रामहरीनं पहिलं वाक्य त्याच्याकडं बघून म्हटलं. मग पाठ फिरवली, सरळ पुढं चालत आला आणि उजव्या हाताला बायकांच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसलेल्या सारजाबाईंकडं बोट केलं.

"सारजाबाई वळसंगकर," तो म्हणाला, नाटकातल्याच खणखणीत आवाजात, "तुझी लेक दाराबाहेर उभी होती. अडसर कुणी घातला?"

काहींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नाटकातलंच आहे. मग पुढच्या रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या तशा टाळ्या थांबल्या, आणि पडदा पाडायचं कुणाला सुचलं नाही. तेवढा वेळ सिद्धनाथ दुसऱ्याच्या आईचे कपडे घालून मागं तसाच उभा होता. आपल्याकडं कुणी बघत नाही, एवढंच त्याला कळत होतं.

---

रामहरीची बायको दानम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला सोप्यातली सगळी माणसं दिसत होती, आणि मागल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसलेली तिची लेक सोनाही दिसत होती. सोनाची पत्र्याची ट्रंक मधल्या बोळात बांधून ठेवली होती. ती सासूनं सकाळीच बांधायला लावली होती.

सोनाला बार्शीला देऊन पुरतं वर्ष झालं नव्हतं. स्थळ हिंदुरावानंच आणलं, त्याच्या ओळखीच्या आडत्याचं. गेल्या आठवड्यात पोर एकटीच गाडीनं आली. दंडावर उलथन्याचे चटके होते, एक जुना, दोन नवे. दानम्मानं ते पाहिले आणि खोबरेल तेल लावत असतानाच सासू आत आली. पाहून म्हणाली, "चार दिस राहू दे. हिंदुराव आला की त्याच्यासंगं जाईल."

"ती जाणार न्हाय, अत्ती," दानम्मा म्हणाली होती. ती अक्कलकोटकडची, सासूला माहेरच्या कानडी रीतीनं अत्ती म्हणायची.

तेव्हा सारजाबाईंनी तिला जे सांगितलं ते या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. "माजी लेक बजा करमाळ्यास्नं अशीच पळून आल्ती. दार वाजवत हुती. तिला अडसर काढून आत घेतली न्हाय म्या. पोटची पोर. आन् तू मला सांगतीस?"

बजा सिद्धेश्वराच्या तळ्यात पाय घसरून बुडाली, असं दानम्मानं लग्न होऊन आल्यापासून ऐकलं होतं. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो ऐकत राहिला. काही बोलला नाही. सोनाला परत पाठवायच्या बेताबद्दलही नाही. आणि काल सगळ्या शहरासमोर बोलला.

आत्ता रामहरी बाहेर आला. धोतर, उघडं अंग, डोळे सुजलेले. आईसमोर न बसता उंबऱ्याजवळ बसला.

"बोल की," सारजाबाई म्हणाल्या. "काल लई मोठ्यानं बोलत हुतास."

"डोकं जड हाय."

"पिऊन उभा हुतास का?" हिंदुरावानं विचारलं.

"न्हाय मामा. शुद्धीत हुतो."

"मग ही अक्कल कुणी दिली? आपल्या घरात असली भाषा न्हवती. ती नाचगाण्याची बाई आली, तवापास्नं घराचं वासं फिरल्यात. तिनंच भरलं ना तुज्या कानात?"

रामहरी जमिनीकडं बघत राहिला. नाही म्हणाला नाही.

दानम्माला शमशाद आवडत नव्हती. कुठल्या बायकोला आवडेल? नवरा संध्याकाळी कुठं असतो ते तिला माहीत होतं आणि तिनं ते पदराच्या गाठीत बांधून ठेवलं होतं. पण आत्ता त्याला गप्प बसलेला पाहून तिच्या कानशिलांत रक्त चढलं. स्वतःच्या बायकोला वाचवायला नाही, लेकीला वाचवायला नाही, आणि जिच्यासाठी घर तोडतोस तिच्यावर आळ येतोय तर तिलासुद्धा वाचवायला तोंड उघडत नाहीस.

"मी सांगितलं त्यांला," ती म्हणाली. "ती बाई न्हाय. मी. आन् मला अत्तींनी सांगितलं. शिकवण म्हणून."

 हिंदुराव बहिणीकडं बघायला लागला.

"बाहीर टांगा आलाय," सारजाबाई शांतपणे म्हणाल्या. "सोना, ऊठ पोरी. मामाआजाला उशीर हुतोय."

---

शमशाद तालमीला म्हणून आली होती. थेटराचं मागचं दार आणि वळसंगकरांचं अंगण एकच. चार वर्षांत अंगणातून ती रोज गेली, पण घराचा उंबरा तिनं कधी ओलांडला नव्हता. आज टांगेवाल्यानं तिला विचारलं, "सामान कुणाचं न्यायचं हाय, बाई?" आणि आतून हिंदुरावाचं बोलणं ऐकू आलं. ती अंगणातच थांबली. सगळं ऐकलं. मग चपला काढून आत आली.

"ए," हिंदुराव उठला. "हितं कुटं?"

"माझं नाव निघालं म्हणून आले. निघालं नसतं तर आले नसते."

"भाईर व्हय."

"होते. दोन वाक्यं बोलते आणि होते." तिनं हिंदुरावाकडं बघितलंसुद्धा नाही. ती रामहरीसमोर जाऊन उभी राहिली. लोकांसमोर ती त्याला नेहमी अहोजाहो करी. आज तिच्या तोंडी दुसरंच आलं.

"काल तू बोललास तेव्हा मी विंगेत होते.  वाटलं, उभ्या जन्मात या माणसानं एक खरं काम केलं. रात्रभर मला अभिमान वाटत होता तुझा. हौ, अभिमान. आणि आता इथं येऊन बघते तर पोरीची ट्रंक दारात आणि तू उंबऱ्यावर बसलेला."

"शमशाद, आत्ता नको," तो म्हणाला.

"आत्ता नको तर कधी? तिसऱ्या अंकात? मुकुट घातल्यावर?"

ज्या वर्षी शहरात मार्शल लॉ होता आणि थेटराला कुलूप होतं, त्या वर्षी तो तिच्या घरी येऊन तिला संवाद शिकवायचा. ती तेव्हा फक्त गाणं गायची. तिची आई अजीजा बाहेरच्या खोलीत विडे लावत बसे आणि हा आत तिला श्वास कुठं घ्यायचा ते सांगे. थेटर उघडलं आणि पहिल्या खेळाला तिनं पाहिलं, हा एवढा मोठा नट विंगेत थरथरतो. प्रवेशाआधी तिचं मनगट घट्ट धरून ठेवतो, मग सोडतो आणि उजेडात जाऊन राजा होतो. तिनं त्या राजावर नाही, त्या थरथरणाऱ्या माणसावर जीव टाकला होता. चार वर्षं तिला वाटत आलं होतं की भीती म्हणजे मऊपणा. आज ती भीती तिला दिवसाउजेडी दिसत होती आणि तिचा तिला संताप येत होता.

"ऊठ," ती म्हणाली. "बाहेर जा आणि टांगेवाल्याला सांग, कुणी जाणार नाही म्हणून. एवढंच कर."

रामहरीनं आईकडं बघितलं.

"बघतोस काय माज्याकडं," सारजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "आं? मला इचारतोस अडसर कुणी घातला? साऱ्या सोलापूरम्होरं इचारतोस? मग आता माजंबी ऐक. ही बाईबी ऐकू दे, तुजी बायकोबी ऐकू दे. दिवेलागणीची येळ हुती. अडसर म्या घातला. तुजा बाप माज्या मागं उभा हुता, आन् म्हणत हुता, उघडलंस तर तूबी तिच्यासंगं चालायला लाग. म्या घातला. मला ते कळतंय. रोज कळतंय. पर तू कुटं हुतास?"

रामहरी उंबऱ्यावर नखानं रेघ ओढत बसला.

"सांग की. कुटं हुतास तू?"

सिद्धनाथ खांबापासून पुढं झाला. बजा आली तेव्हा तो आजोळी, बार्शीला होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"दादा?"

"तो ताटावर हुता," सारजाबाई म्हणाल्या. "त्या तिथं, भिताडाला. वीस वरसाचा बाप्या. ती मला हाका मारत न्हवती. बापालाबी न्हाय. रामहरी, रामहरी म्हणून दार वाजवत हुती. आन् ह्यो जेवत हुता. म्या मागं वळून बघितलं. म्हटलं, हा उठला तर उठू दे. हा उठला तर मी बाजूला हुईन. ह्यानं भाकरीचा तुकडा मोडला."

बाहेर टांग्याच्या घोड्यानं खूर आपटला. कुणीतरी त्याला च्यक च्यक करून शांत केलं.

शमशादला वाटलं, तो आता नाही म्हणेल. खोटं आहे म्हणेल. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"व्हय," रामहरी म्हणाला. इतक्या हळू की हिंदुरावाला ऐकू आलं नाही, त्यानं "काय म्हनला?" असं विचारलं. "व्हय. ऐकत हुतो मी."

"आणि काल आईकडं बोट करून सगळ्या शहराला विचारलंस," शमशाद म्हणाली.

"हां."

"स्वतःकडं नाही केलंस."

 ती एक पाऊल मागं सरली. इतका वेळ ती या घराशी भांडत होती. आता तिला कळलं की ज्याच्यासाठी आपण भांडत होतो तोच सगळ्यात आत बसलेला होता, दाराच्या आतल्या बाजूला, इतरांसारखाच.

"मी कधी येऊन उभी राहिले," ती म्हणाली, "पोट वाढलेलं घेऊन म्हण, आजार घेऊन म्हण, कशीही. तेव्हाही तू जेवतच राहशील."

"तसं म्हणू नगंस."

"मग काय म्हणू?"

तेवढ्यात दानम्मा हलली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून ती निघाली, बोळात गेली आणि ट्रंकेची दोन्ही कडी धरून ती उचलायला लागली. ट्रंक जड होती. सारजाबाईंनी सासरी धाडायला नवी भांडी भरली होती आत.

"कुटं न्हेतीस?" सारजाबाई ओरडल्या.

"आत. माज्या खोलीत."

"दानम्मा, खाली ठेव ते."

"अत्ती, तुमी अडसर घातला. आता तुमाला कळतंय म्हणताय, रोज कळतंय म्हणताय. मग मला का सांगताय तेच करायला?" तिचा आवाज फाटला, पण ट्रंक तिनं सोडली नाही. "मला मारा. घरातनं काढा. माजी पोर त्या घरात परत जाणार न्हाय. मामंजी, तुमी जावा. त्यांला सांगा, सोनाच्या आईनं पाठवली न्हाय म्हणून. नाव माजं सांगा."

हिंदुराव पुढं झाला. "सूनबाई, सोयरीक माज्या शब्दावर झालीय. बार्शीत माजं तोंड हाय."

"तुमच्या तोंडाला चटका न्हाय बसला, मामंजी."

हिंदुरावानं ट्रंकेला हात घातला. तेव्हा सिद्धनाथ मधे आला. आपण जातोय हे त्याला पाय पुढं पडल्यावरच कळलं. त्यानं मामाचं मनगट धरलं आणि बाजूला केलं.

"मामा, सोड."

"तूबी? आरं, अक्का तुज्या हातात कंपनी देतीय आन् तू..."

"अशी नको मला," सिद्धनाथ म्हणाला. "वैनी, त्या बाजूनं धर."

दोघांनी ट्रंक आत नेली. मागल्या खोलीत सोना पलंगाच्या कडेला होती तशीच बसून होती. त्यांनी ट्रंक तिच्या पायाशी ठेवली तेव्हा ती रडली नाही. तिनं फक्त दानम्माच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

सोप्यात रामहरी उठून उभा राहिला होता. पण आता करायला काही उरलं नव्हतं. टांगेवाल्याला सांगायचं ते सिद्धनाथनं खिडकीतून सांगितलं.

शमशाद अंगणात चपला घालत होती. सिद्धनाथ तिच्यामागं बाहेर आला. या दोघांत चार वर्षांत कामापुरतंच बोलणं झालं होतं.

"आजचा खेळ?" त्यानं विचारलं.

"लोक येणार. काल झालं ते बघायला तर जास्तच येणार." तिनं डोक्यावरून पदर ओढला. "माझं काम मी करीन. तुमच्या भावाचं मला विचारू नका."

---

थेटर भरलं होतं. गॅलरीत माणसावर माणूस होतं. गिरणीतून सुटून थेट आलेले लोक भिंतीला लागून उभे होते, आणि बायकांच्या बैठकीत कधी नव्हे त्या शिपायांच्या, सावकारांच्या घरच्या बायका आल्या होत्या. नाटकासाठी कुणीच आलं नव्हतं हे सारजाबाईंना दारातच कळलं.

हिंदुराव दुपारच्या गाडीनं एकटाच गेला होता. जाताना म्हणाला, "अक्का, आज तू जाऊ नगंस तितं." त्यांनी काही उत्तर दिलं नव्हतं. घरी बसलं असतं तर लोक म्हणाले असते, तोंड लपवलं. आल्या तर म्हणतील, लाज नाही. त्यांनी हिरव्या काठाचं लुगडं नेसलं आणि त्या आल्या. पहिल्या रांगेत, कालच्याच जागी बसल्या. शेजारच्या दोन बायका उठून मागं गेल्या. सारजाबाईंनी तिकडं पाहिलं नाही.

पहिली घंटा झाली. दुसरी झाली. नांदी सुरू व्हायच्या आधी पडदा मधून जरा सरला आणि रामहरी बाहेर आला.

बादशहाचा झगा नव्हता, रंग नव्हता. सकाळचं धोतर आणि वर सदरा. उजेडात तो एकदम लहान दिसला. गॅलरीतून कुणीतरी शीळ घातली.

आता हा पाया पडणार, सारजाबाईंना वाटलं. त्यांना तेच हवं होतं आणि आत्ता, ते समोर असताना, नको होतं.

"मंडळी," रामहरी म्हणाला. ते पहिल्या रांगेपलीकडं गेलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं, "मंडळी. काल म्या हितं उभं राहून माज्या आईला एक प्रश्न इचारला. राजाच्या कपड्यात हुतो, म्हणून इचारायचा धीर झाला. उत्तरातलं माजं अर्धं काल सांगितलं न्हाय."

"मोठ्यानं," मागून आरोळी आली.

"माजी बहीण बजा सासरच्या जाचानं पळून घरी आली. दाराला अडसर आईनं घातला. वडलांच्या शब्दावर घातला. वडील आता न्हाईत, पर शब्द त्यांचा हुता." तो थांबला. त्यानं सदऱ्याची कड मुठीत धरली. "मी आत जेवत हुतो. ती माजं नाव घेऊन हाका मारत हुती. अडसर मला एका हातानं निघाला असता. मी उठलो न्हाय. दुसऱ्या दिवशी ती तळ्यात सापडली. पाय घसरला असं आमी सांगितलं. म्याबी सांगितलं. तवापास्नं सांगतच आलो."

भिंतीला लागून उभे असलेले लोक पुढं सरकले होते. गॅलरीतली शीळही थांबली होती.

"काल मी आईकडं बोट केलं. ते बोट माज्याकडं पायजे हुतं." त्यानं सारजाबाईंकडं पाहिलं, पण हात उचलला नाही, ना कुणाकडं, ना कशाला. "आई, मी तुजी माफी मागत न्हाय. तूबी माजी मागू नगंस. माजी लेक सासरहून परत आलीय. ती आता आमच्या घरी राहणार. हे म्या केलं न्हाय. तिच्या आईनं केलं. मी सकाळी उंबऱ्यावर बसून हुतो. एवढंच सांगायचं हुतं."

तो पडद्याआड गेला.

 मग बायकांच्या बैठकीत मागच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला, आणि पुरुषांकडून एक जाडा आवाज आला, "पैसे घेतल्यात, खेळ दावा." एकानं चप्पल फेकली. ती पडद्याला लागून खाली पडली. दुसऱ्यानं त्याला खाली बसवलं.

सगळं थेटर सारजाबाईंकडं बघत होतं. ती नजर त्यांना पाठीवर कळत होती. त्यांना संताप होता, या पोराचा, मेलेल्या नवऱ्याचा, सुनेचा, आणि सगळ्यात जास्त त्या दिवशी मागं वळून वाट बघत उभ्या राहिलेल्या स्वतःचा. उठून जावं असं पायांना वाटत होतं. त्यांनी पाय हलू दिले नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या तशाच बसून राहिल्या.

---

विंगेत रामहरी भिंतीला धरून उभा होता. रंगपटातून सिद्धनाथनं टोप घातलेलं डोकं बाहेर काढलं, भावाकडं पाहिलं, आणि बादशहाचा झगा त्याच्या हातात देऊन काही न बोलता परत गेला.

शमशाद दासीच्या पांढऱ्या वेशात पलीकडं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती त्याच्याजवळ आली.

"रडू नको," ती म्हणाली. "रंग लावायचाय."

"आयकलंस तू?"

"ऐकलं."

त्यानं नेहमीसारखा तिच्या मनगटाकडं हात नेला. तिनं हात मागं घेतला.

"शमशाद. तू ऱ्हाशील का?"

तिच्या डोळ्यांत सकाळचा राग तसाच होता. त्याच्या बोलण्यानं तो गेला नव्हता, आणि जावा असं तिला वाटतही नव्हतं. पण तो उभा होता तिथून ती निघून गेली नव्हती, हेही तिला कळत होतं, आणि त्याचा तिला वेगळाच राग येत होता.

"आजचा खेळ करते," ती म्हणाली. "पुढचं तू विचारायचं नाही. मला वाटलं तर मी सांगीन. न वाटलं तर सांगणारही नाही. चालेल?"

"चालंल."

"मग तोंड धू. नांदी संपत आली."

तिसरी घंटा झाली. ती त्याच्या आधीच जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली. पडदा वर गेला तेव्हा थेटरातला गलबला अजून थांबला नव्हता. तिनं पेटीवाल्याला खूण केली आणि पहिला सूर नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत लावला.